विंडोज सेव्हनवर वॉनाक्रायवाला पॅच खरंच बसलाय का ते कसं बघायचं, आणि नसेल तर कसा टाकायचा

परवा एका प्रेसमध्ये गेलो होतो. छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर, असलं काम. तक्रार एवढीच होती की आतल्या खोलीतला प्रिंटर बाहेरच्या मशीनवरून दिसत नाही. बघतो तर चार मशीन, दोन विंडोज सेव्हन, एक लॅपटॉप विंडोज टेन आणि कोपऱ्यात एक एक्सपी. त्या एक्सपीवर पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट, मागे पॅरलल पोर्टला डोंगल, तो डोंगल गेला की फॉन्ट गेले आणि फॉन्ट गेले की वीस वर्षांच्या फायली गेल्या, त्यामुळे ते मशीन कोणी हलवतसुद्धा नाही, दसऱ्याला त्यालाच पहिला हार. चारही मशीन एका नेटवर्क स्विचला, चारही ठिकाणी डी ड्राइव्ह शेअर करून ठेवलेला, एव्हरीवन, फुल कंट्रोल. आणि सेव्हनवाल्या दोन्ही मशीनवर अपडेटची सेटिंग 'नेव्हर चेक फॉर अपडेट्स'.

म्हटलं काका, ह्याच्यावर २०१७ चा पॅच टाकलाय का हो कोणी?

"कुठला, तो वॉनाक्रायचा? अरे तो व्हायरस कधीच मेला की. आणि आपल्याकडे इंटरनेट फक्त लॅपटॉपला आहे, ह्यांना कुठून येणार?"

ही दोन वाक्यं मी इतक्या ठिकाणी ऐकलीयेत, सीएच्या ऑफिसात, लॅबमध्ये, पतसंस्थेत, की आता एकदाच सगळं नीट लिहून काढतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार. वॉनाक्राय म्हणजे मशीनमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा २०१७ मधला व्हायरस, आणि पॅच म्हणजे तो ज्या भोकातून आत शिरायचा ते बुजवणारं मायक्रोसॉफ्टचं अपडेट. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. व्हायरस मेला तरी भोक तिथेच असतं, आणि इंटरनेट नसलेल्या मशीनचं काय होतं ते खाली येईलच.

भोक नेमकं कुठे होतं

विंडोजमध्ये फोल्डर आणि प्रिंटर शेअर करायची जी पद्धत आहे तिला एसएमबी म्हणतात, आणि तिचं पहिलं व्हर्जन, एसएमबी वन, मुळात ऐंशीच्या दशकातलं. समोरून येणाऱ्या रिक्वेस्ट घेणारा जो ड्रायव्हर आहे त्याचं नाव एसआरव्ही डॉट सिस, आणि हा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो, म्हणजे ह्याच्यात गडबड झाली की अँटीव्हायरस, पासवर्ड, लिमिटेड युझर सगळं बाजूला राहतं.

गडबड कसली होती तर हिशेबाची. फाइलसोबत येणाऱ्या माहितीच्या यादीची लांबी एका खान्यात लिहिलेली असते. काही नोंदी चुकीच्या निघाल्या तर ड्रायव्हर ती लांबी कमी करून पुन्हा लिहितो, पण खाना चार बाइटचा आणि हा दुरुस्ती करताना लिहायचा फक्त शेवटचे दोन बाइट. असं समजा की खतावणीत १०० लिहिलंय, खरा आकडा ९५ निघाला, आणि कारकुनाने पूर्ण आकडा खोडायच्या ऐवजी फक्त शेवटची दोन घरं बदलली. झाले १९५! कमी करायला गेला आणि दुप्पट करून ठेवलं. मग ड्रायव्हर १९५ चा माल ९५ च्या जागेत भरायला लागतो, माल शेजारच्या मेमरीत सांडतो, आणि तिथे नेमकं काय सांडायचं हे हल्ला करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. पासवर्ड लागत नाही, कोणी कुठल्या मेलवर क्लिक करावं लागत नाही, मशीन चालू आहे आणि ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएमबीचा नेटवर्कवरचा दरवाजा, उघडा आहे एवढं पुरतं.

हे भोक अमेरिकेच्या एनएसए ह्या हेरखात्याला माहीत होतं, त्यांनी त्याचं हत्यार बनवून स्वतःजवळ ठेवलेलं, इटर्नलब्लू नावाने. मायक्रोसॉफ्टने पॅच काढला १४ मार्च २०१७ ला, बुलेटिनचा नंबर एमएस१७-०१०. त्याच्या आधीच्या महिन्याचे, म्हणजे फेब्रुवारीचे पॅच त्यांनी चक्क पुढे ढकलले होते. मग १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने ते हत्यार नेटवर उघड्यावर टाकलं आणि १२ मे ला, शुक्रवारी, वॉनाक्राय सुटला. मार्चची १४ ते मे ची १२ मोजा, ५९ दिवस होतात. ५९ दिवस औषध दुकानात फुकट पडून होतं. तरी दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर मशीन गेली, ब्रिटनमध्ये सरकारी हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, आणि त्यातली बहुतेक मशीन कुठली होती, तर हीच आपली विंडोज सेव्हन. खंडणी ३०० डॉलरची, बिटकॉइनमध्ये, तीन दिवसांनी डबल. खंडणीची चिठ्ठी २८ भाषांत होती बरं का, त्यात मराठी सोडा, हिंदीसुद्धा नव्हती, आपल्याला कोणी गिऱ्हाईक समजलंच नव्हतं आणि तरी आपल्याकडे लागण झालीच.

आता काकांचा इंटरनेटवाला मुद्दा. वॉनाक्राय सुरू झाला की आधी एक विचित्र नावाची वेबसाइट उघडते का बघायचा, उघडली तर गप्प बसायचा. मार्कस हचिन्स नावाच्या ब्रिटिश पोराने ते नाव दहा-अकरा डॉलर भरून रजिस्टर केलं आणि साथ थांबली. पण हे कोणासाठी? ज्या मशीनला नेट आहे त्यांच्यासाठी. बंद लॅनमध्ये, जिथे नेटच नाही, तिथे ती साइट उघडणारच नाही, म्हणजे व्हायरस आरामात फायली कुलूपबंद करत बसणार. त्याला आत यायला फक्त एक वाट लागते, आणि काकांचा लॅपटॉप दिवसा नेटला आणि संध्याकाळी त्याच स्विचला असतो.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, तिथून मर्स्क ह्या जहाज कंपनीच्या जगभरच्या ऑफिसात पसरला, आणि त्यांच्याच ग्रुपचं एक टर्मिनल आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीत, तिथलं काम विस्कटलं. कुठलं युक्रेन आणि कुठलं उरण. ह्याच्याही वाटांपैकी एक होती ती इटर्नलब्लूचीच, पॅच येऊन तीन महिने उलटून गेले होते तेव्हा.

आधी केबल काढा

हे गंमत म्हणून लिहीत नाहीये. ज्या मशीनवर काम करायचंय त्याची नेटवर्क केबल मागून काढा, वायफाय असेल तर बंद. मग कामाच्या फायली एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा, मशीनला लावून ठेवू नका, लावलेली डिस्क पण व्हायरसला ड्राइव्हच दिसते. 'सिस्टम रिस्टोअर आहे ना' असं कोणी म्हणालं तर वॉनाक्राय जी कामं करायचा त्यातलं एक म्हणजे रिस्टोअर ज्यांच्यावर चालतं त्या विंडोजच्या शॅडो कॉपी पुसणं.

अजून एक, घड्याळ बघा. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली असते आणि तारीख २००९ दाखवत असते, सहीशिक्क्याच्या तपासण्या अशा तारखेला अडकतात आणि आपण तासभर पॅचला शिव्या घालत बसतो. नाण्याएवढा सेल मिळतो, टाकून घ्या.

कुठलं विंडोज आहे ते बघा

विंडोजचं बटण आणि आर दाबा, जो छोटा बॉक्स येतो त्यात 'विनवर' टाइप करा, इंग्रजीत, सलग, स्पेस न देता. खिडकी उघडेल त्यात बिल्ड नंबर असतो. सेव्हनवर ७६०१ दिसलं आणि पुढे सर्व्हिस पॅक वन लिहिलेलं असलं तर ठीक. ७६०० दिसलं तर सर्व्हिस पॅक वनच टाकलेला नाही, आणि त्याच्याशिवाय पुढचं काही बसत नाही, आधी तो टाका, नंबर केबी९७६९३२ (मायक्रोसॉफ्टच्या अपडेटना असे केबीचे नंबर असतात).

मग कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे ३२ बिट का ६४ बिट ते बघून कागदावर लिहा. लिहाच, डाउनलोड करताना दुसऱ्या मशीनवर बसलेले असता आणि तिथे आठवत नाही.

विंडोज टेन असेल आणि व्हर्जन १७०३ किंवा त्यानंतरचं असेल तर हे भोक त्यात आधीच बुजवलेलं आहे, ह्या एका गोष्टीपुरती काळजी नाही. (टेनचा फुकट सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ती वेगळी रड.) इलेव्हनचा तर प्रश्नच नाही.

पॅच आहे का हे यादीत नका बघू, फाइलमध्ये बघा

ह्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप लिहितोय. सगळे काय करतात, कंट्रोल पॅनल, प्रोग्राम्स अँड फीचर्स, व्ह्यू इन्स्टॉल्ड अपडेट्स, आणि तिथे केबी नंबर शोधतात. सेव्हनसाठी मार्च २०१७ चे दोन नंबर, केबी४०१२२१२ म्हणजे फक्त सिक्युरिटीचा आणि केबी४०१२२१५ म्हणजे त्या महिन्याचा सगळा एकत्र रोलअप. ह्यातला एकही दिसला नाही की लोक घाबरतात. पण रोलअप एकावर एक चढत जातात, तुम्ही जून २०१७ चा टाकला असेल तर मार्चचं औषध त्यातच येतं आणि यादीत मार्चचा नंबर नसतो. उलटंही बघितलंय, इन्स्टॉल करताना मध्येच लाइट गेली, चालू झाल्यावर 'रिव्हर्टिंग चेंजेस' आलं, आणि करणारा पोरगा 'टाकला सर' म्हणून पैसे घेऊन गेला.

त्यामुळे सरळ ड्रायव्हरच तपासायचा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर. तिथे एसआरव्ही शोधा. बाजूला दोन भावंडं असतात, एसआरव्ही२ आणि एसआरव्हीनेट, ती नाहीत, नुसतं एसआरव्ही. एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तर शेवटचं सिस दिसणार नाही, टाइपच्या कॉलमात सिस्टम फाइल लिहिलेलं असेल. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्सचा टॅब, फाइल व्हर्जन.

सेव्हनवर तिथे ६.१.७६०१.२३६८९ किंवा त्याच्यापेक्षा मोठा आकडा हवा. बघायचा तो शेवटचा पाच आकडी भाग. १७ हजारातला काहीतरी दिसला तर पॅच नाही, मग यादीत काय वाट्टेल ते दिसू दे. विंडोज ८.१ वर ६.३.९६००.१८६०४ किंवा पुढे. एक्सपीवर ५.१.२६००.७२०८, तिथे डीटेल्सच्या ऐवजी व्हर्जन नावाचा टॅब असतो.

काकांच्या दोन सेव्हनपैकी एकावर २४ हजारातला आकडा निघाला, म्हणजे कोणीतरी कधीतरी अपडेट करून मग बंद केलेलं. दुसऱ्यावर १७ हजार. दोन्ही मशीन एकाच दिवशी, एकाच माणसाकडून घेतलेली.

टाकायचा कसा

पॅच दुसऱ्या, नेट असलेल्या मशीनवर उतरवा, मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग नावाच्या साइटवरून, दुसरीकडून कुठूनही नको, कोणी टेलिग्रामवर 'सगळे पॅच एका झिपमध्ये' देत असेल तर नमस्कार करा. कॅटलॉगमध्ये केबी नंबर टाकला की लांबलचक यादी येते, त्यात सर्व्हर २००८ आर२, एम्बेडेड, इटॅनियम असले पण असतात. तुम्हाला नुसतं विंडोज सेव्हन हवंय, ३२ बिटसाठी एक्स८६ आणि ६४ बिटसाठी एक्स६४. चुकीचा उचलला तर काही बिघडत नाही, फक्त 'धिस अपडेट इज नॉट ॲप्लिकेबल टू युअर कॉम्प्युटर' म्हणतो. हा मेसेज तीन कारणांनी येतो, बिटची चूक, सर्व्हिस पॅक नाही, किंवा ह्याच्या पुढचा रोलअप आधीच बसलेला. तिसरं कारण असेल तर आनंदच आहे, फाइल व्हर्जन बघितलंत की कळेल.

आता प्रश्न कुठला टाकायचा. एक मार्ग असा की फक्त केबी४०१२२१२ टाकायचा, छोटा आहे, एकच महिन्याचं काम करतो, मशीनवर काही नाजूक सॉफ्टवेअर असेल, प्लॉटरचं, लॅबच्या ॲनालायझरचं, तर मी हाच टाकतो. दुसरा मार्ग म्हणजे सेव्हनचा शेवटचा फुकट रोलअप, १४ जानेवारी २०२० चा, केबी४५३४३१०. ह्यात २०१९ चं ब्लूकीप म्हणजे रिमोट डेस्कटॉपवालं भोक पण बुजतं, तेही असंच बिनपासवर्डचं होतं, त्यामुळे साध्या ऑफिसच्या मशीनला मी हा टाकतो. पण मशीन फारच जुनं असेल तर थोडं जड होतं हेही सांगून ठेवतो, कारण २०१८ नंतरच्या रोलअपमध्ये प्रोसेसरच्या मेल्टडाउनवाल्या दोषाची पट्टी पण आहे आणि जुन्या प्रोसेसरला ती जाणवते.

शेवटचा रोलअप थेट बसत नाही, आधी दोन लागतात, क्रम पाळा. पहिला केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९, मग रिस्टार्ट, मग केबी४५३४३१०. आधीचे दोन का तर २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने पॅचवरची सही करायची पद्धत बदलली, नवीन सही जुन्या सेव्हनला वाचताच येत नाही, ते वाचायला शिकवणारे हे दोन.

सगळ्यात जास्त डोकं कुठे जातं तर फाइलवर डबल क्लिक केल्यावर 'सर्चिंग फॉर अपडेट्स ऑन धिस कॉम्प्युटर' हे हिरवी पट्टी फिरवत तासभर बसतं. लोक वाट बघतात, मग कंटाळून बंद करतात आणि 'पॅच बसत नाही' म्हणतात. उपाय सोपा आहे, केबल काढलेली असू द्या, अपडेटची सेटिंग 'नेव्हर चेक' वर करा (हो, तीच, काकांवाली, ह्या वेळेपुरती बरोबर आहे), रिस्टार्ट करा आणि डेस्कटॉप आल्या आल्या पॅच चालवा. तरी अडकलं तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट नावाची सर्व्हिस स्टॉप करा आणि लगेच, तिचं पुन्हा काही सुरू व्हायच्या आत, फाइलवर डबल क्लिक. मला आत्तापर्यंत दगा दिलेला नाही.

रिस्टार्ट होताना 'कॉन्फिगरिंग विंडोज अपडेट्स, ३५ टक्के' वर मशीन दहा-पंधरा मिनिटं थांबू शकतं. बटण दाबून बंद करू नका. यूपीएस चालतो का ते आधी बघून घ्या, नाहीतर लोडशेडिंगच्या वेळा बघून कामाला बसा.

आणि एक गंमत. २०२० चा रोलअप टाकला, रिस्टार्ट झालं, आणि काका ओरडले, "अरे हे काय, काळं केलंस की सगळं!" नातवाचा फोटो वॉलपेपरला होता तो गायब, मागे काळी स्क्रीन. घाबरायचं नाही, हा त्या पॅचचाच दोष होता, वॉलपेपर 'स्ट्रेच' वर ठेवलेला असेल तर काळा पडायचा. मायक्रोसॉफ्टला नंतर त्याच्यासाठी वेगळा पॅच काढावा लागला, केबी४५३९६०२, सपोर्ट संपल्यावर! तेवढ्यासाठी तो उतरवायची पण गरज नाही, वॉलपेपर 'फिल' किंवा 'फिट' वर केला की नातू परत येतो.

झालं की पुन्हा ड्रायव्हर्स फोल्डर, पुन्हा एसआरव्ही, पुन्हा व्हर्जन. आकडा वाढलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय केबल लावायची नाही.

एसएमबी वन बंदच करून टाका

पॅच म्हणजे भोकाला ठिगळ, पण ते जुनं धोतर अंगावर ठेवायचंच कशाला. सेव्हन ते सेव्हन, सेव्हन ते टेन, सगळं शेअरिंग एसएमबी टूवर चालतं, वनची गरज फक्त एक्सपीला आणि काही जुनाट यंत्रांना.

टेन आणि ८.१ वर सोपं आहे. कंट्रोल पॅनल, प्रोग्राम्स अँड फीचर्स, डावीकडे टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ, यादीत एसएमबी १.० सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट, टिक काढा, रिस्टार्ट. बऱ्याच टेनवर ती टिक आधीच नसते, १७०९ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टने स्वतःच नव्या इन्स्टॉलमध्ये त्याचा सर्व्हरवाला भाग देणं बंद केलं.

सेव्हनवर हे बटण नाही, रजिस्ट्रीत जावं लागतं. विंडोज आणि आर, 'रेजएडिट', मग एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, लॅनमन सर्व्हर, पॅरामीटर्स. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून ठेवा. मग उजवीकडे रिकाम्या जागी राइट क्लिक, न्यू, डीवर्ड ३२ बिट, नाव एसएमबी आणि त्याला चिकटून एकचा आकडा, इंग्रजीतच, किंमत शून्य. रिस्टार्ट. समोरून येणाऱ्या रिक्वेस्टसाठी एसएमबी वन बंद झालं. आपण दुसऱ्याकडे जातो तो भाग ह्याने बंद होत नाही, पण हे भोक पहिल्या बाजूला आहे, त्यामुळे ह्या कामापुरतं पुरे.

हे केल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येणार हे धरून चाला, आणि तो फोन झेरॉक्स मशीनचा असणार. मोठ्या मशीनचं 'स्कॅन टू फोल्डर' जे असतं ते जुन्या मॉडेलांत एसएमबी वनवरच चालतं. स्कॅन व्हायचं थांबतं, एरर पण नीट येत नाही. अशा वेळी लोक पहिलं काय करतात तर एसएमबी वन परत चालू. नका करू. मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबी टूचा पर्याय आहे का बघा, कधी कधी कंपनीचा माणूस येऊन फर्मवेअर टाकून देतो, नाहीतर स्कॅन टू ईमेल, एफटीपी, आणि तेही नसेल तर सरळ पेनड्राइव्हवर स्कॅन, दिवसाला पाच पानं स्कॅन करणाऱ्या ऑफिसला त्याने काही फरक पडत नाही.

एक्सपीचं काय

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, पण वॉनाक्राय सुटल्यावर मायक्रोसॉफ्टने नियम मोडून त्याच्यासाठीही पॅच काढला, केबी४०१२५९८. सर्व्हिस पॅक थ्री लागतो. कॅटलॉगमधून घेताना विंडोजची भाषा इंग्लिश असलेला घ्या, एम्बेडेडवाला नको. साधी ईएक्सई फाइल आहे, दोन मिनिटांत बसते.

तरी पण एक्सपी नेटवर्कवर ठेवू नका. त्याला एसएमबी वन सोडून दुसरं काही येत नाही, आणि २०१४ नंतर सापडलेली बाकीची भोकं उघडीच आहेत. काकांना वाटत होतं की हे मशीन तुटलं तर धंदा बंद, म्हणून मी मधला मार्ग काढला, केबल काढून टाकली, ऑटोरन बंद केलं, आणि त्या मशीनसाठी एक लाल पेनड्राइव्ह वेगळा ठेवला जो फक्त बाजूच्या सेव्हनलाच लागणार, गिऱ्हाईकाचा पेनड्राइव्ह त्याला कधीच नाही. पत्रिकेची पीडीएफ तिकडे करायची, पेनड्राइव्हवर आणायची. काकांनी दोन दिवस कुरकुर केली. नेटवर्कवर ठेवायलाच लागत असेल तर निदान नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स' ची टिक काढा, म्हणजे ते दुसऱ्याकडून घेऊ शकेल पण दुसरा कोणी त्याच्यात शिरणार नाही. मात्र सेव्हनवर एसएमबी वन बंद केलंय म्हटल्यावर एक्सपीला सेव्हनचे फोल्डर उघडणार नाहीत, म्हणूनच म्हणतो पेनड्राइव्ह बरा.

अजून तीन बारकी कामं

ज्या मशीनवरून काहीच शेअर होत नाही त्याचा ४४५ पोर्ट बंद करा. विंडोज फायरवॉल, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, इनबाउंड रूल्स, न्यू रूल, पोर्ट, टीसीपी, ४४५, ब्लॉक द कनेक्शन, तिन्ही प्रोफाइलला टिक.

राउटर उघडून पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएमझेड, म्हणजे बाहेरच्या नेटला थेट आतल्या मशीनपर्यंत वाट देणाऱ्या दोन सेटिंग, रिकाम्या आहेत का बघा. सीसीटीव्ही मोबाइलवर दिसावा म्हणून कॅमेरावाला अख्खं मशीनच डीएमझेडमध्ये टाकून जातो, असं दोनदा सापडलंय.

आणि पासवर्ड. सगळ्या मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचा एकच पासवर्ड, तो पण दुकानाचं नाव आणि एक दोन तीन, असं असेल तर पॅचचा उपयोग अर्धाच. नॉटपेट्या ज्या मशीनवर शिरायचा तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने बाजूच्या मशीनवर रीतसर लॉगइन करायचा, त्यामुळे पॅच टाकलेली मशीनसुद्धा गेली. एक कच्चं मशीन सगळ्यांना घेऊन जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये, पॅच येऊन सव्वा वर्ष होऊन गेल्यावर, तैवानच्या टीएसएमसीच्या चिपच्या कारखान्यांत वॉनाक्रायचाच भाऊ शिरला, नवीन आणलेलं यंत्र न तपासता नेटवर्कला जोडलं एवढीच चूक. नवीन मशीन, दुरुस्तीहून आलेलं मशीन, भाच्याने दिलेलं जुनं मशीन, स्विचला जोडायच्या आधी एसआरव्ही बघा. एव्हरीवन फुल कंट्रोल पण काढा, नाव घेऊन युझरला परमिशन द्या, पाच मिनिटं लागतात.

मी प्रत्येक कॅबिनेटच्या बाजूला एक स्टिकर लावतो, दुधाच्या बिलाएवढा. त्यावर पेनाने तारीख, बिल्ड, ३२ का ६४, एसआरव्हीचा शेवटचा पाच आकडी नंबर, आणि एसएमबी वन बंद का चालू. काकांच्या एक्सपीवर लिहिलंय '७२०८, केबल लावू नये'. आणि हो, प्रिंटर का दिसत नव्हता, तर मागची लॅनची केबल उंदराने कुरतडली होती.